रिकामी दिसणारी जागा: जुन्या गेमच्या फाइलमध्ये आपली स्क्रिप्ट कुठे ठेवायची?

आजचा विषय ऐकायला फार छोटा आहे. जुन्या व्हिडिओ गेमच्या फाइलमध्ये आपण स्वतः लिहिलेली एखादी स्क्रिप्ट बसवायची, तर तिला जागा कुठे शोधायची? एवढंच. आम्हालाही सुरुवातीला वाटलं होतं की यात सांगण्यासारखं काय आहे, शोधायची रिकामी जागा आणि ठेवून द्यायचं. त्या समजुतीपायी आमचं बरंच काम वाया गेलं आणि एका पोराचा खेळ बिघडला. ती हकिगत पुढे येईलच. आधी जागा म्हणजे काय ते पाहू.

आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या गेमला जी 'कॅसेट' लागायची, ती तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. तिच्यात फीत नसायची, एक चिप असायची. त्या चिपमधला सगळा मजकूर जसाच्या तसा उतरवून घेतला की जी फाइल तयार होते, तिला रॉम म्हणतात. आजच्या गेममध्ये शेकडो फाइली असतात, फोल्डर असतात. एक नवी फाइल टाकली तर बाकीच्यांना काही होत नाही. रॉममध्ये तसं नाही. तो एकच सलग पट्टा आहे. कोड, चित्रं, संगीत, संवाद, सगळं एकामागोमाग एक, आणि प्रत्येकाचा पत्ता ठरलेला. मधेच एक बाइट घुसवला तर पुढचं सगळं एका घराने सरकतं आणि पुढचे सगळे पत्ते चुकतात. म्हणून इथला पहिला नियम असा की घुसवायचं काही नाही. जे आहे त्याच्यावरच लिहायचं. आणि ज्याच्यावर लिहिलं तर कोणाचं काही बिघडत नाही अशी जागा शोधायची.

उदाहरण म्हणून एकच गेम घेऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. निन्टेंडोचं गेम बॉय ॲडव्हान्स हे हातात धरायचं यंत्र २००१ साली आलं. त्यावरचा 'पोकेमॉन फायररेड' जपानमध्ये जानेवारी २००४ मध्ये निघाला. त्याचा रॉम १६ मेगाबाइटचा, म्हणजे नेमके १,६७,७७,२१६ बाइट. या गेममध्ये बदल करणारे लोक जगभर आहेत, आणि ज्याला आपण 'स्क्रिप्ट' म्हणतो ती यात फार स्वच्छ दिसते.

समजा गावात एक माणूस उभा आहे. त्याच्याशी बोललं की तो एक वाक्य बोलतो. आम्हाला त्याच्या तोंडी मराठी घालायचं होतं. गेमच्या अक्षरसंचात देवनागरी नाही, म्हणून रोमन अक्षरांत. पण मूळ वाक्य चाळीस बाइटचं आणि आमचं नव्वद. एकेचाळिसाव्या बाइटपासून दुसऱ्याच कोणाचा तरी संवाद सुरू होतो. त्यामुळे नवं वाक्य आणि नवी स्क्रिप्ट दुसरीकडे लिहायची आणि त्या माणसाच्या नोंदीत जो जुना पत्ता आहे तो बदलून नवा लिहायचा. या पत्त्याच्या नोंदीला पॉइंटर म्हणतात.

ती स्क्रिप्ट बाइटमध्ये कशी दिसते, तेही पाहून घ्या, कारण याच बाइटांनी पुढे घोळ घातला. हेक्स म्हणजे सोळाच्या पायातले आकडे; त्यात नऊनंतर ए ते एफ ही सहा अक्षरं अंक म्हणून येतात. तर आपली स्क्रिप्ट अशी:

६ए ५ए ०एफ ०० ४० ०१ ८० ०८ ०९ ०६ ६सी ०२

एकूण बारा बाइट. ६ए म्हणजे खेळाडूला जागेवर थांबव. ५ए म्हणजे समोरच्या माणसाने खेळाडूकडे तोंड वळवावं. ०एफ ०० म्हणजे पुढच्या पत्त्यावरचा मजकूर घे. मग चार बाइटचा पत्ता. ०९ ०६ म्हणजे तो चौकटीत दाखव. ६सी म्हणजे सोड, आणि ०२ म्हणजे संपलं. मधला पत्ता उलटा लिहिलेला आहे. आमचं वाक्य फाइलमध्ये ८००१४० या ठिकाणी आहे. यंत्राच्या दृष्टीने कॅसेट ०८०००००० पासून सुरू होते, म्हणून पत्ता झाला ०८८००१४०, आणि हा प्रोसेसर लहान भाग आधी लिहितो म्हणून ४० ०१ ८० ०८. सुरुवातीला सगळ्यांचं डोकं इथेच गरगरतं. दोन-चार वेळा हाताने लिहिलं की सवय होते.

आता मुळात रिकामी जागा असते तरी का? चिप दुपटीच्या मापात येतात: ४, ८, १६, ३२ मेगाबाइट. गेम ८ मध्ये मावत नसेल तर १६ ची चिप घ्यावी लागते, आणि जे उरतं ते कशाने तरी भरतात. बहुतेक वेळा एफएफने. पुसता येणाऱ्या मेमरी चिपमध्ये पुसलेली अवस्था म्हणजे सगळे बिट १, आणि आठही बिट १ म्हणजे एफएफ. ती सवय इथेही राहिली. काही गेममध्ये हेच भरताड ०० चं असतं.

हे नशीब सगळ्या गेमचं नसतं. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा १९८५ चा गेम पाहा. ३२ किलोबाइट प्रोग्रॅम आणि ८ किलोबाइट चित्रं, एकूण ४०. तिथे जागा शोधायची नसते, जुना कोड आखूड करून चार-चार बाइट वाचवायचे असतात. पहिल्या गेम बॉयवर आणखी वेगळी अडचण. तिथे रॉम १६ किलोबाइटच्या कप्प्यांत विभागलेला असतो, आणि दोन बाइटच्या पॉइंटरला कप्पा कुठला हे सांगता येत नाही. दुसऱ्या कप्प्यात भरपूर जागा असली तरी तिथे जायचा रस्ता तुम्हालाच बांधावा लागतो. तो विषय आज सोडू.

फायररेडमध्ये मात्र चैन आहे. हेक्स एडिटर उघडून ८००००० या पत्त्यावर जा. हा फाइलचा बरोबर मध्य. तिथे पानंच्या पानं एफएफ दिसतात, अनेक मेगाबाइट. स्क्रिप्ट लिहायची जी साधनं आहेत, त्यांतलं एक्सएसई हे बरंच वापरलं जातं, त्यात वर एक ओळ लिहायची की अमुक पत्त्यापासून शोध. मग साधन स्वतःच लागेल तेवढी सलग एफएफची रांग शोधतं, तिथे स्क्रिप्ट लिहितं आणि पत्ता सांगतं. बटण दाबलं की झालं.

इथे थांबू, कारण खरी गोष्ट इथे आहे. साधनाने शोधलं काय? एफएफची रांग. आपल्याला हवी होती काय? रिकामी जागा. या दोन गोष्टी एक नाहीत.

एसटीत आपण काय करतो? खिडकीतून रुमाल टाकतो आणि जागा धरतो. सीटवर माणूस नसतो, पण सीट रिकामी नसते. रॉममध्ये असे रुमाल जागोजागी पडलेले आहेत, आणि त्यांचा रंग रिकाम्या सीटसारखाच आहे. या गेमच्या अक्षरसंचात इंग्रजी मोठा 'ए' म्हणजे बीबी, लहान 'ए' म्हणजे डी५, मोकळी जागा म्हणजे ००, आणि वाक्य संपलं याची खूण म्हणजे एफएफ. तोच एफएफ. आता एखादं वाक्य संपलं आणि त्याच्या लगेच पुढे भरताड सुरू झालं, तर खुणेचा एफएफ कुठला आणि भरताडाचा कुठला? डोळ्यांना कळत नाही आणि साधनालाही कळत नाही. साधन खुणेपासूनच मोजायला लागतं आणि तिच्यावर लिहितं. वाक्याचा शेवटच नाहीसा होतो, आणि चौकटीत वाक्य संपल्यावर पुढे भलतीच अक्षरं छापली जात राहतात.

असा बिघाड निदान लगेच दिसतो. आमचा दिसला नाही.

आम्ही दोघं एकाच फाइलवर काम करत होतो. एकाकडे संवाद आणि स्क्रिप्ट, दुसऱ्याकडे पोकेमॉनचे आकडे. प्रत्येक पोकेमॉन कितव्या पातळीला कुठली चाल शिकतो, याची एक यादी असते. यादीतली प्रत्येक नोंद दोन बाइटची, आणि यादी संपली की एफएफ एफएफ. आम्ही एका विजेच्या जातीच्या पोकेमॉनची यादी वाढवली. जुन्या जागेत मावेना म्हणून ती ८००००० च्या पुढच्या भागात हाताने नेऊन ठेवली, शेवटी एफएफ एफएफ लिहिलं, पॉइंटर बदलला. सगळं शास्त्रशुद्ध. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने स्क्रिप्टचं बटण दाबलं. साधनाने त्याच भागात शोधलं, पहिली पुरेशी रांग मिळाली ती यादीच्या शेवटच्या खुणेपासून, आणि तिथे स्क्रिप्ट लिहिली गेली. एफएफ एफएफच्या जागी आलं ६ए ५ए. थांब, तोंड वळव.

गेम चालू केला. माणूस मराठी बोलला. आम्ही खूश. पोकेमॉनही व्यवस्थित लढत होता. पॅच तयार करून ओळखीच्या चार-पाच जणांना दिला.

काही महिन्यांनी त्यांतल्या एका मुलाचा निरोप आला: "काका, याला ४५ व्या लेव्हलला हार्डन कसं काय आलं?" हार्डन म्हणजे अंग टणक करायची चाल. आम्ही यादीत ती कुठेच लिहिली नव्हती. शिवाय चाली चारच ठेवता येतात. नवी घ्यायची तर जुनी विसरावी लागते. या मुलाला वाटलं आम्ही मुद्दाम काही युक्ती ठेवली आहे, म्हणून त्याने त्याची सगळ्यांत चांगली चाल विसरून हार्डन घेतली आणि खेळ सेव्ह केला. चाली सेव्हमध्ये जातात. पॅच दुरुस्त केला तरी सेव्हमधली चाल परत येत नाही. त्याचे कित्येक तास आमच्यामुळे गेले, ही गोष्ट आम्हाला अजून खुपते.

कारण शोधायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या, आणि उत्तर निघालं ते शाळेतल्या भागाकारातून. दोन बाइटच्या नोंदीत चालीचा क्रमांक आणि पातळी एकत्र बांधलेली असते. नोंदीच्या संख्येला ५१२ ने भागायचं. भागाकार म्हणजे पातळी, बाकी म्हणजे चाल. आता ६ए ५ए हे दोन बाइट उलट क्रमाने एक संख्या म्हणून वाचा: २३१४६. भागिले ५१२. भागाकार ४५, बाकी १०६. चाल क्रमांक १०६ कुठली? हार्डन. "थांब, तोंड वळव" ही आज्ञा गेमने "४५ व्या पातळीला हार्डन शीक" अशी वाचली होती. यंत्राची काहीच चूक नाही. आपण दिलेले बाइट त्याने दिलेल्या पत्त्यावरून वाचले.

तेवढे महिने कोणाला कळलं का नाही, तर तो पोकेमॉन आमच्या गेममध्ये तिशीच्या पातळीनंतरच भेटायचा, आणि ४५ पर्यंत त्याला कोणी नेलंच नव्हतं. चूक एका ठिकाणी, दिसते दुसऱ्या ठिकाणी, आणि दिसते ती कधी तरी. या कामातलं सगळ्यांत वाईट दुखणं हेच.

तुम्ही म्हणाल, कालची फाइल आणि आजची फाइल शेजारी ठेवून तुलना का नाही केली? केली होती! रोज करायचो. तुलनेत काय दिसलं? काल एफएफ होतं, आज ६ए आहे. अगदी निर्दोष बदल. रिकाम्या जागेवर स्क्रिप्ट लिहिली की असंच दिसतं. एफएफ हा रुमाल आहे की मोकळी सीट, हे त्या बाइटमध्ये लिहिलेलंच नाही. ते ठरतं तिथपर्यंत कोणी वाचत येतं का यावरून. कितीही हुशार साधन आणा, नुसते बाइट पाहून त्याला हे सांगता येणार नाही.

असे आणखी फसवे एफएफ कुठे असतात? चित्रांत. या यंत्रावर सोळा रंगांच्या चित्राचा एक चौकोन ३२ बाइटचा असतो, आणि पूर्ण चौकोन पंधराव्या रंगाचा असेल तर ३२ च्या ३२ बाइट एफएफ. असे चार चौकोन शेजारी आले की १२८ बाइटची 'रिकामी' जागा तयार. आपली बारा बाइटची स्क्रिप्ट तिथे आरामात मावते, आणि मग कुठल्या तरी खिडकीच्या पडद्यावर ठिपके येतात. ०० ची रांग त्याहून संशयास्पद, कारण शून्य हे खरं मूल्य म्हणून सगळीकडे लागतं. आणि तिसरे, आपण स्वतः राखून ठेवलेले एफएफ. पुढे इथे मोठा तक्ता करायचा आहे म्हणून चार किलोबाइट मनातल्या मनात बाजूला ठेवले. साधनाला तुमच्या मनातलं काय कळणार?

काही जण म्हणतात, एफएफचा नाद सोडा, गेममधलं न वापरलेलं सामान शोधा आणि त्यावर लिहा. तो पत्ता उलटा करून पूर्ण फाइलमध्ये शोधायचा. कुठेच पॉइंटर सापडला नाही तर जागा आपली. आम्ही हे करायला सांगणार नाही. कित्येक तक्त्यांना फक्त सुरुवातीचा पॉइंटर असतो, आणि सतराव्या नोंदीचा पत्ता गेम तिथल्या तिथे गुणाकार करून काढतो. त्या नोंदीचा पॉइंटर फाइलमध्ये कुठेच सापडणार नाही, आणि तरी ती रोज वाचली जात असेल. पॉइंटर सापडला तर जागा घेतलेली आहे हे नक्की. न सापडला तर काहीच नक्की नाही. फारच गरज पडली तर डिबगर असलेल्या एम्युलेटरमध्ये त्या पत्त्यावर वाचन झालं की थांब, अशी सूचना लावून गेम बराच वेळ खेळून पाहायचा. तेव्हाही शंभर टक्के नाही, कारण तुम्ही न गेलेल्या खोलीत तो वाचला जात असेल.

मग आम्ही आता करतो काय? सापडलेल्या रांगेचे सुरुवातीचे काही बाइट सोडून देतो आणि शेवटी शून्य असलेल्या पुढच्या पत्त्यापासून लिहायला लागतो. सोळाचा पूर्ण पट. आधीच्या मजकुराची खूण त्या सोडलेल्या बाइटांत सुरक्षित राहते. यात दुसरंही काम होतं. स्क्रिप्ट आणि संवाद गेम एकेक बाइट वाचतो, त्यामुळे ते कुठेही चालतात; पण दाबून बसवलेली चित्रं आणि पॉइंटरचे तक्ते चारच्या पटीच्या पत्त्यावर नसतील तर हा प्रोसेसर चुकीचे बाइट उचलतो. सोळाचा पट घेतला की ती भानगड आपोआप मिटते.

आणखी एक घोटाळा सांगतो, कारण तो नव्या माणसाकडून हमखास होतो. स्क्रिप्टच्या शेवटचा ०२ विसरायचा. गंमत म्हणजे विसरला तरी चालतं! गेम पुढे वाचतो, तिथे भरताडाचा एफएफ येतो, अशी आज्ञाच नाही हे पाहून गेम स्क्रिप्ट थांबवतो. तुम्हाला वाटतं सगळं बरोबर आहे. मग आठवड्याने तुम्ही दुसरी स्क्रिप्ट लिहिता, ती नेमकी पहिलीला चिकटून बसते, आणि आता पहिल्या माणसाशी बोललं की दुसऱ्याचं बोलणंही सुरू होतं. दोष नव्या स्क्रिप्टमध्ये शोधत बसाल, आणि नवीत काहीच दोष नसतो.

आता तुमचे प्रश्न.

प्रश्न: फाइल मोठी करून घेतली तर हा त्रासच राहणार नाही ना?

जागेचा राहणार नाही. गेम बॉय ॲडव्हान्स ०८०००००० ते ०९एफएफएफएफएफएफ एवढं कॅसेटसाठी पाहू शकतं, म्हणजे ३२ मेगाबाइट. १६ च्या फाइलच्या शेवटी आणखी १६ मेगाबाइट एफएफ जोडता येतात आणि ते तर निर्विवाद आपलेच. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिथले पॉइंटर ०९ ने संपतात, आणि काही जुनी साधनं ०८ धरूनच चालतात. आणि आयपीएस नावाचा जो जुना पॅचचा प्रकार आहे, त्यात पत्त्याला तीनच बाइट असतात, म्हणून तो १६ मेगाबाइटच्या पलीकडे पोचत नाही. यूपीएस किंवा बीपीएस वापरा. आणि हो, वाटायचा तो पॅच. रॉम नाही. गेम दुसऱ्याच्या मालकीचा आहे. आपले आहेत ते फक्त बदल.

प्रश्न: या गेमचा सोर्स कोड लोकांनी पुन्हा लिहून काढला आहे असं ऐकलं. मग हे हवं कशाला?

बरोबर. 'पोकेफायररेड' या नावाने तो प्रकल्प उघडा आहे. त्यात तुम्ही स्क्रिप्ट लिहिता, सगळी फाइल नव्याने बांधली जाते आणि कुठली वस्तू कुठल्या पत्त्यावर हे लिंकर ठरवतो. रिकामी जागा शोधायचा प्रश्नच उरत नाही. नवीन काम सुरू करणाऱ्याने तोच रस्ता धरावा असं आमचं मत आहे. पण आमच्यासारख्यांची जुनी कामं थेट फाइलवर झालेली आहेत, आणि असंख्य जुन्या गेमसाठी असा सोर्स कोणी लिहिलेलाच नाही. तिथे हेच करावं लागतं.

प्रश्न: दोघांनी मिळून काम करताना आता काय करता?

एक वही आहे. खरोखरची, शंभर पानी. सातबारा म्हणतो आम्ही तिला. प्रत्येक ओळीत सुरुवातीचा पत्ता, शेवटचा पत्ता शेवटच्या खुणेसकट, काय ठेवलं, कोणी ठेवलं, आणि त्याचा पॉइंटर कुठे लिहिला आहे. राखून ठेवलेल्या जागेचीही ओळ असते, आणि त्या जागेत आम्ही एफएफ ठेवत नाही. ११ ११ ११ असं भरून ठेवतो, म्हणजे साधनाला ती रिकामी वाटत नाही. साधनाला आपणहून शोधायला आम्ही सांगतच नाही आता. वहीतली शेवटची ओळ बघायची, तिच्या पुढचा सोळाचा पट काढायचा, आणि तो पत्ता स्वतः लिहायचा. त्या विजेच्या पोकेमॉनची यादी तिसऱ्या पानावर आहे. तिच्यासमोर लाल शाईने लिहिलंय: शेवटचे दोन बाइट आपले.